धनुष्कोडी: बंदर पन्नास वर्षांचं, मासेमारांची वस्ती त्याच्या आधीची आणि नंतरचीही

नाशिकहून दक्षिण यात्रेला निघणाऱ्या बसच्या कार्यक्रमपत्रिकेत रामेश्वरच्या मुक्कामाखाली बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते, ती म्हणजे धनुष्कोडी. यात्रेकरू सकाळी रामनाथाचं दर्शन घेतात, बावीस तीर्थांचं पाणी अंगावर घेतात आणि दुपारी बस बेटाच्या टोकाकडे वळते. गाइड सांगतो, "हे भुताचं गाव. १९६४ च्या वादळात बुडालं, आता इथे कोणी राहत नाही." मोडक्या चर्चसमोर फोटो निघतात आणि मंडळी परततात. ज्या झावळ्यांच्या झोपड्यांसमोरून बस गेली, त्यांत माणसं राहतात हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. धनुष्कोडीला बंदर म्हणून जेमतेम पन्नास वर्षांचं आयुष्य मिळालं. मासेमारांची वस्ती मात्र रेल्वे येण्याआधी होती, आणि सरकारने गाव सोडून दिल्यावरही राहिली. या जागेचा इतिहास त्यांच्या बाजूने वाचला तरच तो पुरता कळतो.

पंचवटीत राहणाऱ्याला सेतूची ओळख करून द्यावी लागत नाही. सीतागुंफा आणि तपोवनापासून सुरू होणारी सीताहरणाची कथा समुद्रावरच्या सेतूपाशी पोचते. युद्धानंतर बिभीषणाच्या विनंतीवरून रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला, ती हीच जागा अशी श्रद्धा आहे. बिभीषण रामाला शरण आला ते ठिकाण म्हणून रामेश्वर-धनुष्कोडी वाटेवर कोदंडराम मंदिर दाखवतात. त्या भयानक वादळात ते टिकून राहिलं. आपल्याकडे काशीयात्रा रामेश्वराशिवाय पुरी होत नाही. सेतूची वाळू प्रयागला त्रिवेणीत सोडायची, तिथलं गंगाजल आणून रामनाथाला घालायचं आणि घरी परतल्यावर मावंदं करायचं, ही रीत कित्येक घरांत अजून पाळतात. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं ते कावडीतलं पाणीही रामेश्वरलाच निघालं होतं.

मराठी माणसाचं या वाटेशी आणखी एक नातं आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली. तिथे जेवण आणि निवारा फुकट मिळे, आजाऱ्याला औषधपाणी मिळे. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरतनाडूला बांधलेलं मुक्ताम्बाळ छत्र त्यांतलं नावाजलेलं. इंग्रजांनी राज्याचा कारभार ताब्यात घेतला तेव्हा ही छत्रं तरी चालू राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कळकळीचं पत्र लिहिलं होतं. धनुष्कोडीच्या पट्टीवर पक्का रस्ता वर्षानुवर्षं जिथे संपायचा, त्या जागेचं नावही मुकुंदरायर छत्रम असंच आहे. तिथून पुढे वाळू लागायची. ती वाट यात्रेकरू पायी किंवा होडीने काटत, आणि होड्या अर्थातच स्थानिकांच्या असत. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरचे. त्यांनी यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेण्यासाठी लाकडी होडी बांधली होती. १९६४ च्या बऱ्याच आधीच्या एका वादळात ती होडी गेली.

ही पट्टी म्हणजे पांबन बेटाचं आग्नेयेकडे गेलेलं निमुळतं शेपूट. उत्तरेला पाल्कचा उथळ, बराचसा शांत समुद्र आणि दक्षिणेला मन्नारच्या आखाताचं खोल, खवळणारं पाणी. स्थानिक मासेमार पहिल्याला बाई समुद्र म्हणतात आणि दुसऱ्याला पुरुष समुद्र. मधली वाळू काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की एका जागी उभं राहून दोन्हीकडच्या लाटा दिसतात. नैऋत्य मोसमी वारे सुटले की मन्नारची बाजू चढते आणि मासेमारी उत्तर किनाऱ्यावर जाते. पावसाळा उलटून ईशान्येचे वारे आले की पाल्कची बाजू बिघडते आणि होड्या दक्षिणेला येतात. बारा महिन्यांत कुठला ना कुठला किनारा चालू राहतो. इतक्या ओसाड जागी माणसं का टिकली, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर पाण्यात आहे. चहूकडे खारं पाणी असताना इथे वाळूत गोडं पाणी लागतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि ते खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. बायका समुद्रापासून थोड्याच अंतरावर हाताने तीन-चार फूट खड्डा करतात आणि बाजूची वाळू ढासळू नये म्हणून त्याला उतार देतात. तळाला पाणी पाझरू लागलं की वाटीने अलगद उपसून कळशी भरतात. घाई करून जास्त उपसलं किंवा खोल खणलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि झरा वाया जातो. म्हणून खड्डा भरेपर्यंत बसून राहायचं आणि मग पुन्हा थोडं घ्यायचं. रामेश्वरच्या देवळाच्या आवारातल्या तीर्थांचं पाणी गोडं लागतं, याचं आपल्या यात्रेकरूंना मोठं नवल वाटतं. वाळूच्या बेटावर गोडं पाणी कसं साठून राहतं, ते या खड्ड्यांत उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मासेमारीची जुनी पद्धत म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातली रापणच. होडी जाळं घेऊन निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घालत ते सोडत जाते आणि दुसरं टोक किनाऱ्यावर थोड्या अंतरावर आणून देते. दोन्ही दोरांना माणसं लागतात. कमरेला पट्टा, पाय वाळूत रोवलेले, अंग मागे कललेलं, तोंडाने एक लय धरलेली. मागचा माणूस दोर सोडून पुढे येतो, पुन्हा धरतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात. कित्येक तासांनी मधली झोळी काठाला लागते. तिच्यात कधी तारली, कधी बारीक मासळी, कधी माकुल आणि खेकडे, आणि कधी शेवाळाशिवाय काही नसतं. माल तिथेच विकला जातो, जाळ्याच्या मालकाचा हिस्सा निघतो आणि उरलेल्याचे वाटे ओढणाऱ्यांत पडतात. या कामाला धक्का लागत नाही, बर्फाचा कारखाना लागत नाही. लागतो तो मोकळा किनारा आणि माणसांचे हात. बंदर बुडाल्यावरही हा धंदा चालू राहिला तो यामुळे.

बंदर आलं ते रेल्वेच्या गरजेपोटी. सिलोनच्या चहामळ्यांना तमिळ मजूर हवे होते. मद्रासहून कोलंबोला जायचं तर तुतिकोरिनहून रात्रभराचा बोटीचा प्रवास होता. साउथ इंडियन रेल्वेने पांबनच्या सामुद्रधुनीवर पूल बांधला आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो खुला झाला. दोन किलोमीटरहून लांब अशा या पुलाचा मधला भाग जहाज जाण्यासाठी दोन्हीकडून उचलला जाई. रूळ थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत गेले. मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर बोट मेलमध्ये बसायचं, धनुष्कोडीला आगबोटीत चढायचं, तीसेक किलोमीटर समुद्र ओलांडून तलैमन्नारला उतरायचं आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीने कोलंबो गाठायचं. तिकीट सगळ्याला मिळून एकच. पुढच्या काळात या मार्गावर धावणाऱ्या इर्विन आणि गोशेन या बोटींची नावं जुनी माणसं अजून काढतात.

या रेल्वेमुळे वाळूवर गाव उभं राहिलं. स्टेशन, रेल्वे वसाहत, कस्टम कचेरी, पोस्ट आणि तारघर, शाळा, दवाखाना, चर्च, देवळं. मासेमारांनाही फायदा झाला. सुकी मासळी बोटीने सिलोनला जाऊ लागली आणि धक्क्यावर हमालीची कामं मिळाली. तरी गाव चालायचं ते गाडीच्या वेळापत्रकावर. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना आधी मंडपमच्या छावणीत आजारांच्या तपासणीसाठी थांबवून ठेवत. तीच छावणी पुढे यादवी युद्धातून पळून आलेल्या लंकेतल्या तमिळ निर्वासितांची झाली. एका शतकात तिथून माणसं दोन्ही दिशांनी गेली, आणि दोन्ही वेळा नाइलाजाने.

१९६४ च्या डिसेंबरात अंदमानच्या दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचं चक्रीवादळ झालं, ते सिलोनवरून आलं आणि २२ डिसेंबरच्या रात्री पांबन बेटावर आदळलं. त्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गावापासून थोड्याच अंतरावर लाटेखाली गेली. गाडीत शंभराहून अधिक माणसं होती, त्यांतलं कोणीही वाचलं नाही. काही मीटर उंचीचं पाणी पट्टीवरून आरपार गेलं. मातीच्या आणि झावळ्यांच्या घरांचं काहीच राहिलं नाही, दगडी इमारतींच्या भिंती तेवढ्या उरल्या. भारत आणि सिलोन मिळून दीड हजारांवर माणसं गेल्याचं सांगतात. गाडीची गोष्ट सगळे सांगतात, ती तशी भीषण आहेच. पण गाडीतल्या प्रवाशांची निदान मोजदाद झाली. किनाऱ्यावरच्या झोपड्यांत त्या रात्री किती जण झोपले होते, त्याची यादी कुणाकडे असणार?

पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात पडले. उचलता येणारा मधला भाग मात्र शाबूत राहिला. दुरुस्तीचं काम ई. श्रीधरन नावाच्या तरुण अभियंत्याकडे आलं. मच्छीमारांच्या मदतीने समुद्रतळातले गर्डर शोधून त्यांनी ४६ दिवसांत पूल चालू केला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच. रामेश्वरची गाडी पुन्हा सुरू झाली, धनुष्कोडीचे रूळ मात्र परत टाकले गेले नाहीत. मद्रास सरकारने ही जागा राहण्यास अयोग्य ठरवली. आगबोट रामेश्वरहून सुटू लागली आणि १९८० च्या दशकात लंकेतल्या युद्धाने तीही थांबली.

निर्णय कागदावर योग्यच होता. ज्या पट्टीवर समुद्र दोन्हीकडून चढतो तिथे पुन्हा शहर वसवणं शहाणपणाचं नव्हतं. पण अयोग्य ठरवल्यावर सोयीही थांबल्या. मासेमार परत आले ते त्यांचा किनारा तिथे होता म्हणून. अनेक दशकं त्यांनी विजेच्या तारांशिवाय आणि रस्त्याशिवाय, झावळ्यांच्या घरांत काढली. आजारी माणसाला वाळूतून चालणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागे. त्यांना तिथे राहायचं असेल तर किमान शाळा, दवाखाना आणि वादळाची वेळेवर सूचना मिळायला हवी. सरकारने गाव सोडलं म्हणून ही जबाबदारी संपत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दरम्यान समुद्राची वाटणी झाली. १९७४ च्या करारात कच्चतीवू बेट लंकेकडे गेलं आणि १९७६ मध्ये मन्नारच्या आखातातली सीमा ठरली. वंशपरंपरेने जिथे जाळी पडत होती त्या पाण्यात मध्येच रेषा आली. त्याच सुमारास रामेश्वरला ट्रॉलर वाढले. ते तळ खरवडून मासळी काढतात. पाल्कच्या भारतीय बाजूची मासळी कमी झाली तसे ट्रॉलर रेषेपलीकडे जाऊ लागले आणि अटकांच्या बातम्या नेहमीच्या झाल्या. लंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर दर वर्षी १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटी बंद असतात. रापण ओढणारा माणूस या भांडणात कुठेच नाही, पण किनाऱ्याजवळची मासळी घटली की पहिली झळ त्याला लागते.

जुलै २०१७ मध्ये अरिचलमुनै या टोकापर्यंतच्या पक्क्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि जीपने वाळू तुडवत जाण्याचे दिवस संपले. आता गाड्यांची रांग लागते. शंख-शिंपल्यांच्या माळा आणि तळलेली मासळी विकून वस्तीतल्या काही घरांना दोन पैसे मिळतात, हे चांगलंच झालं. धनुष्कोडीला पुन्हा रेल्वे नेण्याच्या कामाची पायाभरणी १ मार्च २०१९ ला झाली, पण ते पुढे सरकलं नाही. ६ एप्रिल २०२५ ला पांबनचा नवा पूल सुरू झाला, त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडू सरकारने धनुष्कोडीच्या उथळ पाणथळींना रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं. नांदूर मधमेश्वरला हे पक्षी उतरले की आपल्याकडे बातमी होते. धनुष्कोडीला ते हिवाळ्यात थव्याने दिसतात.

संध्याकाळनंतर पर्यटकांना तिथे थांबू देत नाहीत, त्यामुळे यात्रा कंपन्या दुपारचा जेमतेम अर्धा-पाऊण तास देतात आणि तो टोकावरच्या स्तंभापाशी जातो. जमत असेल तर बसवाल्याला सकाळी लवकर निघायला सांगा आणि चर्चच्या अवशेषांजवळ उतरल्यावर किनाऱ्यावर रापण लागली आहे का ते विचारा. डिसेंबर-जानेवारीत ती बहुधा दक्षिणेच्या बाजूला असते. पाण्याच्या खड्ड्यांत पाय किंवा बाटल्या बुडवू नका, त्यावर घरं चालतात. आणि घरात शिरून फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.