वर्णपटमापक

प्रकाशाचे घटक रंगांत पृथक्करण करून प्रत्येक रंग मूळ दिशेपासून किती कोनातून वळला हे मोजणारे उपकरण. प्रयोगशाळेतले रोजचे नाव स्पेक्ट्रोमीटर. अरुंद फट असलेला कॉलिमेटर (प्रकाशकिरण समांतर करणारी नळी), लोलक किंवा ग्रेटिंग (अगदी जवळजवळ समांतर रेषा आखलेली पट्टी) ठेवण्याचे टेबल, त्याभोवती फिरणारी दुर्बीण आणि दोन व्हर्निअर (अंशाचे बारीक भाग वाचण्याच्या पट्ट्या) जोडलेली अंशांकित तबकडी, एवढी त्याची रचना. लोलकाचा वक्रीभवनांक आणि सोडियम प्रकाशाची तरंगलांबी हे पदवीचे नेहमीचे प्रयोग यावरच होतात.

सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा वोलस्टन यांना १८०२ मध्ये दिसल्या. फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्यांचा पद्धतशीर अभ्यास करून ठळक रेषांना अक्षरे दिली. पिवळ्या भागातील डी रेषांचा सोडियमशी असलेला संबंध किर्खहोफ व बुन्सेन यांच्या १८५९-६० मधील कामाने पक्का झाला.

कोकणात या उपकरणाचा विषय निघाला की विजयदुर्ग येतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांनी या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दृढ आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्यांच्याच दुर्बिणीसाठी बांधले असे सांगतात, आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. कालक्रम मात्र या समजुतीला अनुकूल नाही. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून आणि जॉन हर्शेल यांनी जमखंडीहून घेतले. लॉक्यर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सौरज्वालांच्या रेषा ग्रहण नसतानाही दिसू शकतात, हे झान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवले आणि लॉक्यर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे साधले. ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा सोडियमची असावी असे आधी वाटले होते. ती डी रेषांशी जुळत नाही, हे लॉक्यर यांच्या निरीक्षणांतून पुढे आले; ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झी यांना क्लीव्हाइट या खनिजातून.

लॉक्यर विजयदुर्गाला आले होते हे खरे, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांचा तळ येथे पडला होता आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. ओटे १८९८ च्या मोहिमेतले असावेत आणि दोन ग्रहणांच्या आठवणी लोकस्मृतीत एक झाल्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पिवळ्या रेषेबद्दलचा सोडियम-हेलियमचा घोळ नेमका कशाचा होता, ते महाविद्यालयातल्या टेबलावर पाहता येते. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, हेलियमची ५८७.६ वर. इंचाला १५,००० रेषा असलेल्या ग्रेटिंगवर पहिल्या क्रमात (मध्यापासूनच्या पहिल्या वर्णपटात) हेलियमची रेषा सोडियमच्या जवळच्या रेषेपासून कोनाच्या जेमतेम ३ मिनिटांवर पडते. ३० सेकंद लघुतम मापाच्या व्हर्निअरवर हे अंतर सहा भागांचे. सोडियमचा दिवा आधी गुलाबीसर पेटतो आणि काही मिनिटांनी पिवळा होतो. फट रुंद असेल तर त्याच्या दोन्ही रेषा एकच जाड पट्टी होऊन दिसतात. स्क्रू सावकाश आवळत फट केसाएवढी केली की ती पट्टी मधोमध दुभंगते. हा क्षण प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्याने पाहिला पाहिजे. शिक्षकाने फट आधीच जुळवून ठेवू नये.

किनाऱ्यावर पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काचही खाते. त्यामुळे भिंगे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतात. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून परत वापरतात. फटीच्या पात्यांवर धूळ वा क्षार बसला की वर्णपटावर आडव्या काळ्या रेषा उमटतात. विद्यार्थी त्यांना वर्णपटाचाच भाग समजतात. मऊ लाकडाची टोकदार काडी फटीतून एकदा वरून खाली ओढली की त्या जातात.