सरहद्दीवर थांबणारं नाव: परदेशातल्या ट्रेडमार्क नोंदणीची पार्श्वभूमी

पुण्यात मसाल्याचा धंदा उभा करणाऱ्याला आपला ट्रेडमार्क, म्हणजे मालाचं नोंदलेलं नाव किंवा व्यापारचिन्ह, दुबईत चालत नाही हे बहुधा तिथल्या वितरकाशी करार करतानाच कळतं. नोंदणी झालेली असते, फी भरलेली असते, पाकिटावर गोलातला ‘आर’ही छापलेला असतो. पण तो हक्क भारतापुरता. हे असं का, याचं उत्तर दीडशे वर्षं मागे सापडतं.

ब्रिटनचा व्यापारचिन्ह नोंदणीचा कायदा १८७५चा. १ जानेवारी १८७६ रोजी नोंदणी सुरू झाली आणि बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण पहिल्या क्रमांकावर लागला. कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दारात बसून होता म्हणे. खरं-खोटं काही असो, नोंदणी हा रांगेचा खेळ आहे हे त्या गोष्टीतून नेमकं कळतं. फक्त ही रांग प्रत्येक देशाची वेगळी. लंडनमध्ये पहिला नंबर लागला म्हणून पॅरिसमध्ये कोणी विचारत नव्हतं.

त्याआधीच, १८७३ साली, व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात माल मांडायला अनेक परदेशी कारखानदार बिचकले होते. मांडलेल्या वस्तूची तिथल्या तिथे कोणी नक्कल केली तर दाद कुठे मागायची, हा त्यांचा सवाल होता. या भीतीतून १८८३चा पॅरिस करार आकाराला आला. सुरुवातीला देश अकरा. परक्या माणसाला आपल्या नागरिकासारखीच वागणूक द्यायची, हे त्याचं मुख्य कलम. व्यापाऱ्याच्या जास्त उपयोगाचं दुसरं: एका देशात अर्ज केल्यावर ठरावीक मुदतीत दुसऱ्या देशात केला, तर तिथेही पहिलीच तारीख धरायची. व्यापारचिन्हांसाठी ही मुदत आज सहा महिने आहे. भारत या करारात आला तो थेट डिसेंबर १९९८मध्ये.

तारखेचा प्रश्न सुटला, खेपांचा नाही. दहा देशांत नाव हवं तर दहा वकील, दहा भाषा, दहा फिया. त्यावर तोडगा म्हणून १८९१चा माद्रिद करार आला. मायदेशातली नोंदणी दाखवायची, एक अर्ज करायचा आणि हव्या त्या सदस्य देशांत चिन्हाला संरक्षण मागायचं. १८९३मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय नोंदणी झाली ती स्वित्झर्लंडच्या सुशार चॉकलेटवाल्यांची. लाँजिन घड्याळाचं त्याच वर्षी नोंदलेलं चिन्ह तर अजून जिवंत आहे.

पण या कराराची भाषा एकच, फ्रेंच. शिवाय मायदेशातली नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय अर्जच नाही. ब्रिटन, अमेरिका, जपान शेवटपर्यंत बाहेरच राहिले. १९८९चा माद्रिद प्रोटोकॉल, म्हणजे त्याच वाटेवरचा पण वेगळा करार, आला आणि एप्रिल १९९६पासून त्याचं काम सुरू झालं, तेव्हा कुठे इंग्रजीला जागा मिळाली आणि नोंदणीऐवजी नुसता अर्जही पुरेसा ठरला. अमेरिका २००३मध्ये आली, भारत ८ जुलै २०१३पासून, संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१मध्ये. म्हणजे आपल्या मसालेवाल्याला दुबईसाठी हा रस्ता मोकळा होऊन फार काळ झालेला नाही. तैवान आजही या व्यवस्थेबाहेर आहे, तिथे वेगळाच अर्ज लागतो.

‘आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क’ हा शब्द मात्र फसवा आहे. जगभर चालणारं असं एक चिन्ह नसतंच. ही माद्रिद व्यवस्था चालवणारं जिनिव्हातलं कार्यालय अर्ज पुढे पाठवतं, पण होकार-नकार प्रत्येक देश आपापल्या कायद्याने देतो.

रांग चुकली की काय होतं? अमेरिकेतली बर्गर किंग ऑस्ट्रेलियात उतरली तर ॲडलेडमध्ये ते नाव आधीच कोणीतरी घेऊन बसलेलं. म्हणून तिकडे हंग्री जॅक्स. ॲपलचा किस्सा तर याहून बोलका. ‘आयपॅड’ हे नाव तिने प्रोव्ह्यू कंपनीच्या तैवानमधल्या शाखेकडून एका मध्यस्थ कंपनीमार्फत विकत घेतलं होतं. चीनमधली नोंदणी मात्र शेनझेनच्या प्रोव्ह्यूच्या नावावर होती, आणि आम्ही काही विकलेलंच नाही, असं ती म्हणाली. २०१२मध्ये तडजोड झाली ती सहा कोटी डॉलरला. इतक्या वकिलांची फौज असलेल्यांचं हे, तिथे नवख्याला काय बोलायचं!

आपल्याकडचं उदाहरण खादीचं. मुख्यालय मुंबईत, विलेपार्ल्याला असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाला युरोपात एका जर्मन कंपनीशी भांडावं लागलं, कारण ‘खादी’ हा शब्द तिने आधीच आपल्या नावावर नोंदवला होता. नंतर आयोगाने देशोदेशी अर्ज लावले. २०२१मध्ये भूतान, अमिराती आणि मेक्सिकोतल्या नोंदण्या हाती आल्या.

आता भारतीय अर्जदाराने जपायची एक जागा. पहिली पाच वर्षं परदेशातली सगळी नोंदणी मायदेशातल्या अर्जावर टेकलेली असते. इथे कोणी हरकत घेतली आणि अर्ज पडला, तर बाकीचे देशही त्याच्याबरोबर पडतात. मूळच तोडल्यासारखं. वकील याला ‘सेंट्रल अटॅक’ म्हणतात. सावरायला तीन महिने मिळतात, त्यात प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून जुनी तारीख राखता येते, पण खर्च पुन्हा सुरू. म्हणून ‘शुद्ध’, ‘अस्सल’ असली वर्णनवजा नावं घेऊन बाहेर जाणं मला धोक्याचं वाटतं. ती घरातच टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट मराठी व्यावसायिकांकडून हमखास सुटते. परदेशी अर्जातलं चिन्ह भारतातल्या अर्जातल्यासारखंच तंतोतंत लागतं. इथे फक्त देवनागरी लेबल नोंदवलं असेल, तर तिकडेही देवनागरीच जाणार, सोबत रोमन लिप्यंतर जोडून. दुबईच्या दुकानात फळीवर मात्र नाव रोमन अक्षरांत छापलेलं असतं. त्यासाठी भारतातच आधी दुसरा अर्ज करून ठेवावा लागतो.