घंटा वाजली की कुत्र्याला जन्मभर लाळ सुटते?

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगाबद्दल, दरवेळी अन्नाआधी घंटा वाजवून दोन्हींची सांगड एकदा बसली की नुसत्या घंटेने कुत्र्याला कायम लाळ सुटते, असं वर्षानुवर्षं फिरतंय. शाळेत धडा तिथेच थांबायचा, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात अन्न न देता घंटा पुन्हा पुन्हा वाजवली की लाळेचे थेंब कमी होत जातात, शेवटी जवळपास थांबतात. हे अंदाजाने ठरवलेलं नाही. लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढून थेंब मोजले जात.

मग शिकलेलं पुसलं गेलं का? तेही नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. काही काळ विश्रांती देऊन घंटा वाजवली, की थोडी लाळ परत येते. पुन्हा अन्नाची जोड दिली तर पहिल्यापेक्षा लवकर सांगड बसते. पाटी कोरी झाली असती तर पहिल्याइतकाच वेळ लागला असता. म्हणजे जुनं शिकणं दबतं, त्यावर नवं बसतं.

पडताळायचंय? मित्राला सांगून टेबलावर टिचकी मारायची आणि लगेच नळीतून त्याच्या डोळ्याच्या कडेला हलकी फुंकर घालायची, बरेचदा. मग नुसती टिचकी मारत राहा आणि पापणी किती वेळा मिटते ते मोजा.