ट्रॅक्टरचं अनुदान: आधी रान, मग अर्ज, बिल सगळ्यात शेवटी

गेल्या दसऱ्याला माझ्या चुलतभावानं ट्रॅक्टर आणला. हार, नारळ, पेढे, शोरूमच्या दारात फोटो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज भरलेला होता, निवड झाल्याचा मेसेज मोबाइलवर आलेला होता, मग मुहूर्त कशाला चुकवायचा, असं घरात ठरलं. पूर्वसंमतीचं पत्र आलं त्यानंतर अकरा दिवसांनी. बिलाची तारीख पत्राच्या आधीची निघाली आणि सव्वा लाखावर पाणी सोडावं लागलं. पूर्वसंमतीआधी घेतलेल्या यंत्राला अनुदान नाही, हा नियम पोर्टलवर लिहिलेला असतो. पण मेसेज आला की लोकांना वाटतं झालंच काम. मेसेज म्हणजे निवड. खरेदीची परवानगी पत्रानंच मिळते.

मी कराड तालुक्यातला. घरात लॅपटॉप आणि प्रिंटर आहे म्हणून भावकीतले आणि शेजारचे अर्ज माझ्याकडेच येतात. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय.

पैसा मुख्यतः दोन योजनांतून येतो. एक केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान, २०१४-१५ पासूनचं, आणि दुसरी राज्य पुरस्कृत कृषी यांत्रिकीकरण योजना. अर्ज एकाच जागी, महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर. अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारक, म्हणजे दोन हेक्टरच्या आतले, यांना किमतीच्या ५० टक्के. बाकीच्यांना ४० टक्के. वाटण्या होऊन होऊन आमच्याकडे बहुतेक खाती दोन हेक्टरच्या आतच आली आहेत, तेव्हा ५० टक्क्यांत बसणारे पुष्कळ. पण टक्केवारीला वरून झाकण असतं. ट्रॅक्टरला ते ५० टक्केवाल्यांना सव्वा लाख आणि बाकीच्यांना एक लाख असं चालत आलंय. सात लाखांच्या ट्रॅक्टरचे निम्मे साडेतीन लाख मिळतील या हिशेबानं कर्ज काढू नका. तुमच्या पूर्वसंमतीपत्रात जो आकडा लिहिलेला असेल तोच धरा.

अर्जाच्या आधी एक काम घरी बसून करायचं असतं आणि तेच लोक करत नाहीत. पोर्टलवर मुख्य घटक, तपशील, एचपी श्रेणी, यंत्राचा प्रकार असं एकेक निवडत जावं लागतं. ट्रॅक्टर ८ ते ७० पीटीओ एचपीच्या आत बसावा लागतो. पीटीओ एचपी म्हणजे मागच्या शाफ्टवर, जिथे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडतो तिथे, प्रत्यक्ष मिळणारी ताकद. बॉनेटवर ४५ लिहिलेलं असलं तरी मागे ३८-४० च्या आसपास हाती येते. सेल्समन बॉनेटवरचा आकडा सांगतो, रोटाव्हेटर मात्र मागच्या ताकदीवर फिरतो.

म्हणून आधी रान बघा, रानावरून अवजार ठरवा आणि अवजारावरून ट्रॅक्टर. कृष्णाकाठचं कराड-वाळव्याचं काळं रान, ऊस, वर्षानुवर्षं ट्रॉल्या फिरून खालचा थर दगडासारखा झालेला. तिथे दोन फाळी पलटी नांगर ओढायचा, हा खालचा थर फोडणारा सबसॉयलर चालवायचा तर ४५ ते ५० एचपीच लागते. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (उसाचा वाळला पाला) न पेटवता कुट्टी करायची असेल तरी तेवढीच. माण, खटाव, आटपाडी, जतच्या हलक्या मुरमाड रानात मात्र ज्वारी-बाजरीला नऊ फणी कल्टिव्हेटर आणि पेरणी यंत्र हेच मुख्य काम. तिथे ३५-४० एचपी भरपूर झाली, उरलेली नुसती डिझेल पिते. तासगाव, मिरजेकडच्या द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरतच नाही. वीस-पंचवीस एचपीचा अरुंद, चारही चाकं ओढणारा आणि मागे औषध फवारायचा ब्लोअर. पाटण, जावळीच्या उतारावरच्या भातखाचरात तर मी ट्रॅक्टर घ्या असं सांगणारच नाही. तिथे पॉवर टिलर. त्याला पोर्टलवर वेगळा घटक आहे आणि बांधाच्या वळणावर तो जीव घेत नाही.

रोटाव्हेटरचं माप ट्रॅक्टरला जुळवा. ३५-४० एचपीला पाच फुटी, ४५ च्या पुढे सहा फुटी. ‘सहा फुटी घ्या, काम लवकर उरकेल’ असं दुकानदार म्हणतो, आणि ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर गुदमरतो. ५० एचपीचीही एक मेख आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, कडक निकष लागू झाले आणि तिथून किंमत एकदम चढली. ४९ एचपीचे इतके ट्रॅक्टर बाजारात दिसतात ते उगाच नाही.

आता पात्रतेचा एक बारीक मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरात कुणाच्या नावावर ट्रॅक्टर असेल, वडिलांच्या किंवा बायकोच्या, तर तुम्ही ट्रॅक्टरचलित अवजारासाठी अर्ज करू शकता. फक्त त्या ट्रॅक्टरचं आरसी बुक पुरावा म्हणून जोडायचं. एका वेळी एकाच गोष्टीला अनुदान, ट्रॅक्टर तरी किंवा अवजार तरी. आणि एकदा ज्या घटकाचा लाभ घेतला त्याच घटकासाठी पुढची दहा वर्षं दार बंद. दुसऱ्या अवजारासाठी मात्र उघडं. तेव्हा ज्यांच्याकडे जुना का होईना चालता ट्रॅक्टर आहे त्यांनी तोच दुरुस्त करून चांगला रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर अनुदानातून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. पाच-सहा एकराला नवा ट्रॅक्टर हप्त्यावर घेऊन तो दारात उभा राहिलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय.

अर्ज भरायला शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याच्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असावा, ओटीपी त्यावरच येतो. घटक निवडल्यावर प्राधान्यक्रम द्यायचा, २३ रुपये ६० पैसे ऑनलाइन भरायचे आणि पावती जपून ठेवायची. पैसे भरले नाहीत तर अर्ज सादर झालेलाच नसतो, नुसता साठवलेला असतो. असे कितीतरी अर्ज ‘भरलाय की मागच्या वर्षी’ म्हणून लोक धरून बसतात. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून जो आधी येईल त्याला आधी, असं धोरण आलंय. तेव्हा ‘बघू दिवाळीनंतर’ करण्यात नुकसान तुमचंच.

निवड झाली की कागद अपलोड करायचे: पोर्टलनं मागितले तर सातबारा, आठ अ, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला, विक्रेत्याचं कोटेशन, स्वयंघोषणापत्र आणि यंत्राचा तपासणी अहवाल. मुदत मोजकी असते आणि ती पोर्टलवर दिसते. कोटेशन २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं असेल तर ते बदलून घ्या, कारण त्या दिवसापासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या छापील फॉर्मवर १२ टक्के लावलेलं कोटेशन मी स्वतः पाहिलंय.

तपासणी अहवाल म्हणजे सरकारमान्य संस्थेनं त्या मॉडेलची चाचणी घेतल्याचा कागद. ट्रॅक्टरचे अहवाल मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे असतात, अवजारांचे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचेही. तो दुकानदारानंच द्यायचा असतो. तुम्ही एवढंच बघा की कोटेशनवरचं मॉडेलचं नाव आणि अहवालावरचं नाव अक्षर न् अक्षर तेच आहे. शेवटी एक ‘डीआय’ किंवा ‘प्लस’ जास्त लागला तरी अर्ज परत येतो. गावातल्या लोहारशाळेत बनवलेला नांगर कितीही दणकट असो, अहवाल नसेल तर अनुदान नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावांवर. भावकीतल्या एका काकांचं आधारवर ‘बाबूराव’, सातबारावर ‘बाबुराव’ आणि बँकेत नुसतं ‘बाबू’. तिन्ही ठिकाणी माणूस एकच, पण संगणकाला ते तिघे भाऊ वाटले. दुरुस्तीला तलाठ्याकडं दोन आणि बँकेत तीन खेपा झाल्या. जमिनीचं सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्रही लागतं. ते मुंबई-पुण्याच्या भावांकडून सणाला गावी आले की सही करून घ्यावं. पुढच्या सणापर्यंत मुदत कुणी देत नाही.

कागद मान्य झाले की पूर्वसंमती. आता पत्रात दिलेल्या मुदतीत खरेदी करा, तीही पत्रात लिहिलेल्याच यंत्राची, आणि बिल अर्जदाराच्याच नावानं. पोराच्या नावावर घेऊ नका, पोरगा कितीही हट्ट करो. पैसे खात्यातून चेकनं किंवा ऑनलाइन द्या. रोखीचा व्यवहार नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणजे अख्खी रक्कम आधी तुमच्या खिशातून किंवा कर्जातून जाते, अनुदान मागून येतं. बिल अपलोड केल्यावर सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) मोका तपासणीला घरी येतात, यंत्रासोबत तुमचा फोटो घेतात, चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून बघतात. चेसिस नंबरावर माती-ग्रीस बसलेलं असतं. आदल्या दिवशी डिझेलच्या बोळ्यानं पुसून ठेवा. ट्रॅक्टरची नोंदणी साताऱ्याला एमएच ११, कराडला एमएच ५०, सांगलीला एमएच १०. ट्रॉली घेतली तर तिची नोंदणी वेगळी करावी लागते.

एक वेगळी वाट अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज करायचा. ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर मिळून साडेतीन लाखांपर्यंत, त्यात ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान. गटातले किमान ८० टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्याच प्रवर्गातले हवेत. ज्या वस्तीत एकेकट्याला ट्रॅक्टर पेलत नाही तिथे ही योजना महाडीबीटीपेक्षा सरस आहे, आणि माहीत फार थोड्यांना आहे.

अनुदान येतं ते आधारशी जोडलेल्या खात्यात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात येईलच असं नाही. त्या बाबूराव काकांनी दोन महिने सोसायटीच्या बँकेचं पासबुक भरून भरून पाहिलं. पैसे कधीच आले होते, कोणे एके काळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेतल्या खात्यात.