एकच नदी, दोन नळ

1892 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि शहराच्या हद्दीपाशी येऊन थबकली. हद्दीपलीकडे आल्टोना. दोन्ही शहरं भिंतीला भिंत लावून उभी, सीमा काही ठिकाणी चक्क रस्त्याच्या मधून जायची. अशाच एका रस्त्यावर हॅम्बुर्गच्या बाजूच्या घरांत माणसं आजारी पडत होती आणि समोरच्या आल्टोनाच्या घरांत साथीचा मागमूस नव्हता. हवा तीच, माती तीच, बिऱ्हाडं तितकीच दाटीवाटीची, पोटापाण्यासाठी गाठायचं बंदरही तेच. शुल्टरब्लाट रस्त्यालगत कामगारांच्या बिऱ्हाडांचा एक मोठा वाडा होता. कागदोपत्री तो हॅम्बुर्गचा, पण त्याला पाणी यायचं आल्टोनाच्या नळातून. तिथे शेकडो माणसं राहत होती आणि त्या वाड्यात कॉलरा शिरलाच नाही.

शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडायचं ठरवलं असतं तरी तो याहून नेटका जमला नसता. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हॅम्बुर्गमध्ये जवळजवळ 17,000 लोकांना लागण झाली आणि 8,605 माणसं दगावली. दीड लाखाच्या आतबाहेर वस्ती असलेल्या आल्टोनात मृत्यू झाले 328, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लागण झाली ती कामानिमित्त हॅम्बुर्गला जाऊन. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर हॅम्बुर्गमधलं मरण्याचं प्रमाण आल्टोनाच्या पाच ते सहा पट.

गंमत अशी, की दोन्ही शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत होती. त्यातही आल्टोनाचं पाणी उचललं जायचं प्रवाहाच्या खालच्या अंगाला, ब्लांकेनेसे इथे. म्हणजे सुमारे आठ लाख लोकांचा मैला नदीत मिसळून झाल्यावर. हॅम्बुर्ग मात्र शहराच्या वरच्या बाजूने, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी घ्यायचं. कुणालाही विचारा, यातलं कुठलं पाणी प्याल? उत्तर हॅम्बुर्गच येईल. फरक एवढाच होता, की आल्टोना आपलं घाणेरडं पाणी 1859 पासून वाळूतून गाळून घेत होतं आणि हॅम्बुर्ग आपलं बरं पाणी तसंच्या तसं नळाला सोडत होतं.

हॅम्बुर्ग हे काही मागासलेलं शहर नव्हतं. 1842 च्या मे महिन्यात लागलेल्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळाला. त्यानंतर विल्यम लिंडले या इंग्रज इंजिनिअरने नव्याने आखणी केली आणि युरोपच्या मुख्य भूमीवर भूमिगत गटारांची आधुनिक व्यवस्था पहिल्यांदा इथे उभी राहिली. मोठमोठे पंप बसले, घरोघरी पाणी आलं. अर्ध्या शतकापूर्वी ही कौतुकाची गोष्ट होती. पण समुद्राच्या भरतीचा रेटा एल्बमध्ये हॅम्बुर्गपर्यंत पोचतो. गटारांतून खाली सोडलेली घाण भरतीबरोबर वर सरकायची, आणि शहर वाढत गेलं तसतशी ती पाणी उचलण्याच्या जागेच्या जवळ येत गेली. 1892 चा उन्हाळा कडक होता. नदी आटलेली, पाणी कोमट. कॉलऱ्याच्या जंतूंना याहून चांगलं काय हवं?

नळांत काय काय होतं, हे वाचताना अंगावर काटा येतो. कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये हॅम्बुर्गच्या जलवाहिन्यांतल्या प्राणिसृष्टीवर अख्खा प्रबंध प्रसिद्ध केला. शिंपले, स्पंज, गोगलगायी, पाण्यातले किडे. आणि सापासारखे लांबुळके ईल मासे तर इतके, की अधूनमधून नळाच्या तोंडाशी अडकून बसायचे. शहरातल्या लोकांनी यावर विनोद केले. नळातून मासा येतो म्हटल्यावर जंतूंना कोण अडवणार, हा प्रश्न विनोदाच्या पुढे जायला पुष्कळ वर्षं लागली.

मग गाळणी का बसवली नाही? तंत्र ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये जेम्स सिम्प्सनने वाळूची गाळणी 1829 मध्येच चालू केली होती, आणि आल्टोना तर हाकेच्या अंतरावर. माझ्या मते उत्तर शहराच्या मतदारयादीत आहे. हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्यात होतं, पण स्वतःचं सरकार असलेलं स्वतंत्र नगरराज्य म्हणून. त्याच्या विधानसभेला मत द्यायचं तर आधी नागरिकत्व विकत घ्यावं लागे, त्याची फी 30 मार्क. शिवाय कर भरण्याइतकी कमाई हवी. सहा लाखांवर वस्तीत मत देणारे शंभरात पाचही नव्हते. त्यातही सभेच्या 160 जागांपैकी 40 जागा घरमालकांसाठी राखून ठेवलेल्या, आणि आणखी 40 प्रतिष्ठितांसाठी. गाळणीचा खर्च पाणीपट्टीतून, म्हणजे अखेर घरमालकांच्या खिशातून जाणार. प्रत्येक घराला मीटर बसवायचा की नाही, यावरच वर्षानुवर्षं वाद घातला गेला. शेवटी 1890 मध्ये मंजुरी मिळाली आणि काम सुरू झालं. साथ आली तेव्हा गाळणी अर्धवट होती.

याच शहरात दुसरी एक निवडणूक व्हायची, साम्राज्याच्या संसदेची. तिथे पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत होतं. 1890 मध्ये हॅम्बुर्गच्या तिन्ही जागा समाजवादी पक्षाने जिंकल्या. त्यातली एक खुद्द पक्षाचा नेता ऑगुस्ट बेबेल याची. म्हणजे बर्लिनला जायला गोदी कामगाराचं मत चालत होतं, पण आपल्या गल्लीतल्या नळाबद्दल बोलायला चालत नव्हतं.

बंदराची मात्र भरभराट होती. 1888 मध्ये हॅम्बुर्ग जर्मन जकात संघात आलं, तेव्हा करमुक्त मालासाठी विटांच्या भव्य गोदामांची वसाहत उभारली गेली. आज पर्यटक तिचे फोटो काढतात. तिच्यासाठी सुमारे 20,000 लोकांना घरांतून उठवलं. गोदी कामगाराला बंदरापासून लांब राहणं परवडत नसे. काम रोजंदारीचं, पहाटे धक्क्यावर उभं राहिलं तर मिळणार. त्यामुळे उठवलेली कितीतरी कुटुंबं जुन्या गावठाणातल्या बोळांत घुसली. लाकडी चौकटींची जुनी घरं, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील असे बोळ, खोलीत ऊन नाही, भाडं भरायला म्हणून आणखी एखादा पोटभाडेकरू. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख 24 ऑगस्टला बर्लिनहून आला आणि या वस्त्या बघून म्हणाला, ‘सज्जनहो, आपण युरोपात आहोत हे मी विसरतोय.’

कॉखच्या या वाक्यातला तोरा आपल्याला खटकतो, खटकायलाच हवा. पण तो कशाच्या जोरावर बोलत होता तेही पाहिलं पाहिजे. 1884 च्या सुरुवातीला कलकत्त्यात त्याने स्वल्पविरामाच्या आकाराचा कॉलऱ्याचा जंतू रुग्णांच्या आतड्यांत ओळखला आणि पुढे वस्तीतल्या एका तळ्याच्या पाण्यातही शोधून काढला. (इटलीच्या फिलिप्पो पाचीनीने तो 1854 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.) बंगालमधलं ते तळं आणि हॅम्बुर्गचा नळ यांत काय फरक आहे, हे कॉखच्या चटकन ध्यानात आलं. काहीच नाही.

नगर सरकारचं वागणं त्या दिवसांत संतापजनक होतं. पहिले रुग्ण ऑगस्टच्या मध्यावर सापडले. साथ जाहीर केली की बंदर बंद पडणार, जहाजं अडकणार, म्हणून निदान पक्कं करण्याच्या नावाखाली आठवडा घालवला. तेवढ्यात 17 ऑगस्टला ‘मोराव्हिया’ हे जहाज निरोगी असल्याच्या दाखल्यासह न्यूयॉर्कला निघालं. वाटेत 22 जण दगावले, त्यात बहुतेक लहान मुलं. प्रवासी बरेचसे रशियातून निघालेले गरीब स्थलांतरित होते. साथीचं खापरही त्यांच्याच डोक्यावर फुटलं. रशियात त्या वर्षी कॉलरा होता, त्यामुळे जंतू त्यांच्याबरोबर आला असेलही. पण जंतू आणला कुणी आणि तो प्रत्येक स्वयंपाकघरात पोचवला कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर जलवाहिनीत होतं.

सरकारला टाळाटाळ करायला शास्त्राचाही आधार मिळाला होता. म्युनिकचा माक्स फॉन पेटेनकोफर हा त्या काळातला आरोग्यशास्त्राचा महर्षी. त्याचं म्हणणं असं, की नुसत्या जंतूने साथ येत नाही. जमिनीतल्या ओलाव्यात, कुजक्या मातीत तो ‘पिकावा’ लागतो, तेव्हा कुठे विष तयार होतं. म्हणजे पाणी गाळून उपयोग नाही आणि जहाजं अडवूनही उपयोग नाही. व्यापाऱ्यांच्या शहराला हा सिद्धांत आवडला नसता तरच नवल. आपलं म्हणणं खरं करून दाखवण्यासाठी 7 ऑक्टोबर 1892 रोजी, वयाच्या 73 व्या वर्षी, पेटेनकोफरने पोटातलं आम्ल सोड्याने मारलं आणि कॉलऱ्याचे जिवंत जंतू असलेलं द्रावण पिऊन टाकलं. त्याला थोडेसे जुलाब झाले, बाकी काही नाही. दहा दिवसांनी त्याचा सहकारी रुडॉल्फ एमरिश याने तेच केलं आणि तो चांगलाच आजारी पडला, पण वाचला. पेटेनकोफरने विजय जाहीर केला. एका माणसाच्या पोटावरून साथीचा नियम ठरत नाही, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. तरी मला या म्हाताऱ्याची टिंगल करवत नाही. म्युनिकला डोंगराकडचं स्वच्छ पाणी मिळावं आणि गटारं व्हावीत म्हणून त्यानेच आयुष्य वेचलं. कारण चुकीचं सांगत का होईना, त्याने शहर सुधारलं. हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी त्याच्याकडून फक्त सोयीचं तेवढं उचललं.

आता वाळूबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे. वाळूच्या कणांमधल्या फटी जंतूंच्या मानाने प्रचंड मोठ्या असतात. नव्या कोऱ्या वाळूतून जंतू सहज निसटतात. गाळणी सुरू झाल्यावर काही दिवसांनी वाळूच्या पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा एक बुळबुळीत थर धरतो. शेवाळ, जिवाणू, आदिजीव, गाळ यांचा तो जिवंत पडदा. नदीतून आलेले जंतू त्याला चिकटतात, तिथले आदिजीव त्यांना खातात, उरलेले अन्नावाचून मरतात. वाळू फक्त त्या थराला आधार देते. म्हणून पाणी सावकाश सोडावं लागतं. कॉखने मर्यादा घालून दिली ती अशी, की वाळूतून पाणी तासाला 100 मिलिमीटरहून वेगाने खाली उतरू नये, आणि गाळून आलेल्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये 100 हून जास्त जंतू नकोत. थर जाड होऊन पाणी तुंबलं की तो खरवडायचा आणि नवा धरेपर्यंत थांबायचं. 1893 च्या जानेवारीत आल्टोनालाही याचा धडा मिळाला. कडाक्याच्या थंडीत गाळणी साफ करताना वाळू गोठली, नवा थर नीट धरेना, आणि जिथे उन्हाळ्यात साथ शिरली नव्हती तिथे भर हिवाळ्यात कॉलऱ्याचे रुग्ण दिसू लागले. कॉखला या छोट्या साथीतून जे कळलं ते मोठ्या साथीइतकंच मोलाचं होतं: गाळणी असून भागत नाही, तिची रोज तपासणी लागते.

साथीच्या दिवसांत मद्य बनवणाऱ्या कारखान्यांच्या भट्ट्यांवर पाणी उकळून गाड्यांतून वाटलं गेलं. स्वच्छतेची पत्रकं वस्तीवस्तीत पोचवायला सरकारकडे माणसंच नव्हती. ती मदत केली समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, म्हणजे ज्यांना शहराच्या सभेत एकही जागा नव्हती त्यांनी. काल्टेहोफे बेटावरची गाळणी दिवसरात्र काम करून मे 1893 मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षांत शहराचे आरोग्य अधिकारी राइन्के यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पाण्यातून पसरणारा विषमज्वर कमी झाला तो झालाच, पण इतर कारणांनी होणारे मृत्यूही घटले. अमेरिकेत लॉरेन्स शहरात हायरम मिल्स यांनीही तेच टिपलं होतं, म्हणून या निरीक्षणाला दोघांचं नाव जोडलं जातं.

राजकारणातला बदल इतका सुरळीत झाला नाही. 1896 मध्ये नागरिकत्वाची 30 मार्कांची फी गेली, तरी उत्पन्नाची अट राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस गोदी कामगारांनी मोठा संप केला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये तो मोडला. 1898 मध्ये घरांच्या तपासणीचा कायदा झाला. बोळांतल्या जुन्या वस्त्या पाडायला घेतल्या, पण तिथल्या माणसांना परवडतील अशी घरं त्या जागी फारशी आली नाहीत. एका पट्ट्यात तर दुकानांचा रुंद हमरस्ता झाला. 1901 मध्ये ओटो श्टोल्टेन हा समाजवादी पक्षाचा पहिला सभासद नगरसभेत गेला. पुढे त्याच्या पक्षाची संख्या वाढू लागली, तशी 1906 मध्ये सभेने मतदानाचे नियम बदलले आणि जास्त कमावणाऱ्यांच्या मताला जास्त वजन दिलं.