शेतजमिनीची मोजणी : बोलावण्याआधी एवढे वाचा

सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नसते. हद्दीची मापे टिपणात किंवा गटबुकात, म्हणजे भूमी अभिलेख खात्याकडच्या मोजणीच्या नोंदींत असतात. आणि आज बांध जिथे आहे, ती वहिवाट. या तिन्ही गोष्टी जुळतीलच असे नाही.

आमची खासगी मोजणी वहिवाटीची असते. तिच्यावरून प्रत्यक्ष ताब्यातले क्षेत्र कळते, भावाभावांत वाटणी कुठून होईल ते आखून बघता येते, शेततळ्याचा किंवा घराचा आराखडा करता येतो. अतिक्रमणाचा वाद असेल तर मात्र आमचा नकाशा हातात घेऊन बांध फोडायला जाऊ नका. त्यासाठी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा (नोंदीप्रमाणे हद्द दाखवून देणाऱ्या सरकारी मोजणीचा) अर्ज करावा लागतो. मोजणी नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अधिकृत नक्कल, तिथूनच मिळते.

गुंठा आणि आर

गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. दोन्ही एकच धरून व्यवहार होतात, आणि खरेदीखताच्या वेळी कुरबुर सुरू होते. सातबाऱ्यावर 1.20.50 असेल तर ते 1 हेक्टर 20 आर 50 चौरस मीटर, म्हणजे 2 एकर 39 गुंठे. "तीन एकर" म्हणून भाव ठरला असेल तर गुंठाभर आधीच कमी आहे.

घरच्या टेपने माप का चुकते

चार बाजू मोजून समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा, ही गावोगाव चालणारी रीत. शेत काटकोनात असेल तरच ती बरोबर. 60 आणि 80 मीटर बाजूंचे शेत घ्या. कर्ण 100 मीटर भरला तर क्षेत्र 48 आर. त्याच बाजू, पण शेत तिरके असून आखूड कर्ण 86.7 मीटर निघाला, तर क्षेत्र जेमतेम 46.4 आर. दीड गुंठ्याहून जास्त फरक, आणि बाजू चारही तशाच! म्हणून टेपनेच मोजायचे असेल तर निदान एक कर्ण मोजाच. शेताचे दोन त्रिकोण होतात आणि हिशेब पक्का बसतो.

उतारावर दुसरी गफलत होते. क्षेत्र आडव्या मापाने धरतात, टेप मात्र जमिनीलगत तिरका पसरतो. 30 मीटरच्या टेपला 3 मीटर चढ असेल तर आडवे अंतर 29.85 मीटरच. टेपमागे 15 सेंटीमीटर गेले.

मोबाईलच्या ॲपबद्दल रोज विचारणा होते. उघड्या रानातही फोन तीन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतो. 100 मीटर लांबीचा बांध 3 मीटर सरकला की जवळपास 3 गुंठे हलले. अंदाज घ्यायला ठीक, भांडायला नाही. ऑनलाइन गाव नकाशा उपग्रह फोटोवर ठेवून बघणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की इंचाला 660 फूट मापाच्या नकाशावर अर्ध्या मिलीमीटरची रेघ जमिनीवर सुमारे 4 मीटर रुंद होते.

यंत्रे

रोव्हर उपग्रहांवरून जागा घेतो. पडद्यावर 'फिक्स' आले तर चूक काही सेंटीमीटरची. 'फ्लोट' (जागा अजून पक्की ठरलेली नाही) असताना घेतलेला बिंदू आम्ही धरत नाही. दाट आमराईत किंवा उभ्या उसात त्याला आकाश दिसत नाही, तिथे टोटल स्टेशन (तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लावतो. टोटल स्टेशनला समोर काठीवर धरलेला प्रिझम (किरण परत फिरवणारी काच) दिसावा लागतो, म्हणून ऊस तुटल्यावर किंवा बांधावरची झुडपे काढून मगच बोलावलेले बरे. शेताला फेरा घालून आम्ही पुन्हा पहिल्याच बिंदूवर येतो. तिथे सुरुवातीच्या मापाशी मेळ बसला नाही तर फेरा परत करतो.

तयारी

चालू सातबारा आणि गट नकाशा हवाच. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर पडलेल्या गावात जुना सर्व्हे नंबरही शोधून ठेवा, कारण टिपण त्याच नंबराने निघते. त्यातली मापे बऱ्याचदा 33 फुटी साखळी आणि आण्यांत असतात (16 आणे म्हणजे एक साखळी). मीटर आम्ही करून देतो. लगतच्या खातेदारांना आधी सांगा. तीन बांध मिळतात तिथला जुना दगड माहीत असलेला माणूस सोबत असला तर अर्धे काम झाले.

खुंट्या मारल्या की त्याच दिवशी दगड पुरा. रोटाव्हेटरच्या पहिल्या फेरीत खुंटी जाते. नकाशाबरोबर प्रत्येक कोपऱ्याच्या निर्देशांकांची (नेमकी जागा सांगणाऱ्या आकड्यांची) यादी देतो, ती जपून ठेवा. दगड हरवला तरी जागा तिच्यावरून परत काढता येते.