उजनी 'उणे' गेलं म्हणजे आटलं?

'उजनी उणे 30 टक्के' म्हटलं की धरण कोरडं पडलं, असा समज दर उन्हाळ्यात पसरतो. तसं नसतं. जलसंपदा विभाग पाणीपातळी मोजतो, तक्त्यावरून एकूण साठा काढतो, त्यातून 63.66 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, वजा करतो आणि उरलेल्याला 53.57 या उपयुक्त साठ्याने भागतो. शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं! उणे 30 म्हणजे सुमारे 47.6 टीएमसी शिल्लक.

अडचण वेगळीच. पातळी फार खाली गेली की हे पाणी आपसूक कालव्यात उतरत नाही, उपसावं लागतं. पातळी पंपांच्या खाली गेली की दुबार, तिबार पंपिंग, म्हणजे दोन-तीन टप्प्यांत पाणी उपसणं आलं. शिवाय गाळ. तो तक्त्यात धरलेला नसेल, तर कागदावरचा साठा प्रत्यक्षाहून जास्त दिसतो.